जाड टायरआधी स्प्रॉकेटचं बघा

खाचांचे जाड टायर टाकले की साधी कम्यूटर बाइक खडीवर चालते, हे अर्धंच खरं. टायरचा व्यास वाढला की गिअरिंग उंच होतं, म्हणजे त्याच गिअरमध्ये खेच कमी पडते. मग चढावर अर्धा क्लच धरावा लागतो आणि प्लेटा जळतात. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे इंजिनाकडचं चेन फिरवणारं दातेरी चक्र, 14 दातांचं असेल तर 13 चं बसवा. खेच 7-8 टक्के वाढते, वरचा वेग तेवढाच घटतो. 12 वर मात्र जाऊ नका, चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबराला घासू लागते. 13 चं बसवल्यावर चेन सैल पडेल. मागचं चाक मागे ओढा आणि चेनची ढील गाडीवर माणूस बसवून तपासा, नाहीतर खड्ड्यात चेन ताणली जाऊन बेअरिंग खाते. ट्यूबच्या टायरात हवा 20 पीएसआयखाली नेलीत तर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह मुळातून फाटू शकतो. पुढचं मडगार्डही वर घ्याच. लाल चिखल अडकला की चाक जाम होतं, तेही नेमकं उतारावर!