मदत हवी आहे: कालवांचे शिंपले पोखरणारा पिवळा स्पंज

नमस्कार मंडळी,

आमचं गाव सिंधुदुर्गात, खाडीच्या मुखाशी. आई आणि तिच्या बचत गटातल्या बायका तराफ्याला माळा बांधून कालवं वाढवतात. गेल्या आठवड्यात माळा वर काढल्या, तर निम्म्या कालवांच्या शिंपल्यांची चाळण झालेली. बारीक गोल भोकं, आणि जिवंत कालवांवर त्या भोकांतून पिवळेधमक ठिपके वर आलेले. बोट लावलं की हळूहळू आत जातात. सुरी घातली की शिंपल्याचा भुगा होतो. असा माल कुणी घेत नाही. वर्षभराची मेहनत आहे हो ही.

मला हा क्लायोना, म्हणजे शिंपले पोखरणाऱ्या स्पंजांपैकी एक वाटतो, बहुधा क्लायोना सेलाटा ही जात. शिंपला पोखरणारा किडा आतल्या बाजूला चिखलाचे फोड करतो, तसे इथे नाहीत, म्हणून किड्याचं काम नसावं. वाचून एवढं कळलं की हा स्पंज कालवाचं मांस खात नाही, पाणी गाळूनच जगतो. शिंपला त्याला फक्त घर म्हणून हवा. त्याच्या पेशी चुन्याच्या बारीक कपच्या कोरून काढतात आणि त्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. कालव बिचारं आतून नवा थर चढवत भोकं बुजवत राहतं. आमची कालवं रोडावली ती त्यातच, असं मला वाटतं.

आता खरी अडचण. खाडीत आत, मचूळ पाण्यातल्या माळा जवळजवळ स्वच्छ आहेत. म्हणून मुखाजवळच्या माळा गोड्या पाण्यात बुडवून काढाव्यात असं मनात आहे. कालव शिंपला मिटून तग धरतं, स्पंजाला ती सोय नाही. पण किती वेळ बुडवायचं? कुणी स्वतः केलंय का? औषध किंवा रसायन नको, लोक ही कालवं खातात.

दुसरं, रिकामे शिंपले आम्ही पुढच्या माळांना बीज (कालवांची पिल्लं) धरायला वापरतो. पोखरलेले शिंपले कडक उन्हात वाळवून घेतले तर चालतील, की फेकूनच द्यावेत? तोवर मी ते भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी टाकायला सांगितलंय.

नंतरची भर: शाळेतल्या सरांच्या सांगण्यावरून पिवळा तुकडा ब्लीचमध्ये ठेवला. मऊ भाग विरघळला, तळाशी पांढरी पूड राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली, स्पंजाच्या सांगाड्यात असतात तशा काचेच्या टाचण्या दिसल्या, एका टोकाला गोल डोकं असलेल्या! म्हणजे स्पंज नक्की. आता फक्त बुडवण्याच्या वेळेचं कुणीतरी सांगा, येत्या भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) माळा पुन्हा काढायच्या आहेत.