डॉक्टरांनी पाच औषधं लिहून दिली, त्यात ओआरएस नाही. असं का?

चाकणकर_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी १४ महिन्यांची. सोमवारी सकाळपासून जुलाब, अगदी पाण्यासारखे, दुपारपर्यंत सात-आठ झाले. दोनदा उलटी. ताप नाही, शीमध्ये रक्त नाही. मी सेकंड शिफ्टला होतो, बायकोचा फोन आला तसा गेटपास काढून निघालो आणि जवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि दोन मिनिटांत पाच ओळी लिहिल्या. एक अँटिबायोटिकचं सिरप, एक उलटीचं, पोटातले चांगले जंतू वाढवायची पावडर, एक तापाचं (ताप नसताना, "घरात असू द्या" म्हणून) आणि पाचवं भूक लागायचं टॉनिक. वर विचारलं, "सलाईन लावू का? लगेच तरतरी येईल." मी जवळजवळ हो म्हणणार होतो. मुलीने सुई बघून असा काही टाहो फोडला की बायको म्हणाली, नको, इतकं रडतेय म्हणजे दम आहे तिच्यात.

मेडिकलवाल्याने औषधांबरोबर संत्र्याच्या चवीचा एक टेट्रापॅक दिला. "जुलाबात हेच नेतात सगळे." मुलीने तो आवडीने प्यायला आणि रात्री जुलाब आणखी वाढले. बिल झालं ६८० रुपये.

आई वाशिमहून आली आहे. तिचं म्हणणं, हे दाताचे जुलाब, दूध तोडा दोन दिवस. बायको अजून अंगावर पाजते, त्यावरून घरात वेगळंच महाभारत.

लहानपणी शाळेच्या भिंतीवर मीठ-साखर-पाण्याचं, म्हणजे ओआरएसचं, चित्र होतं, ते मला आठवतंय. मग डॉक्टरांनी ते का लिहिलं नाही? की आता ते जुनं झालं? त्यांना तोंडावर विचारायला मला लाज वाटली. एवढा शिकलेला माणूस, त्याला "साहेब, ओआरएस राहिलं" असं कसं म्हणायचं? शेवटी रात्री दुसऱ्या दुकानातून एक पुडी आणली, पण मुलगी तोंड वाकडं करून थुंकते.

औषधवाला

मी स्वतः मेडिकल चालवतो, म्हणून आधी आमच्या धंद्याचं पाप सांगतो. तो टेट्रापॅक म्हणजे सरबत. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) फॉर्म्युल्यात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, या सरबतांत साखर त्याच्या कितीतरी पट. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून जुलाब वाढतात. तुमच्या घरी तेच झालं असणार.

पूर्वी अशा डब्यांवर ठळक अक्षरांत "ओआरएस" छापलेलं असायचं आणि बारीक अक्षरांत की हे ते नव्हे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं भांडून ते बंद करवलं. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा आदेश आला की फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयावर ते नावच वापरायचं नाही. नाव गेलं, पण दुकानदाराचा हात अजून त्याच फळीकडे जातो. कारण उघड आहे. पुडीत आम्हाला सुटतं काय?

पुडी मागताना "डब्ल्यूएचओ फॉर्म्युला" लिहिलेली मागा. मिळते. खालच्या ड्रॉवरमध्ये असते.

निवृत्त_नर्सबाई

चाकणकर दादा, सगळ्यात आधी लेकराकडे बघा, बाकी गप्पा नंतर. रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? लघवी होतेय का? पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर चटकन बसते की हळूहळू? डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं, पाणी पिता येईना किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर कोणाच्या उत्तराची वाट बघू नका, रातोरात दवाखाना गाठा. सलाईन तशा लेकरांसाठीच आहे. सुई बघून टाहो फोडणाऱ्या लेकराला ती लागत नाही. तुमची बायको हुशार आहे.

आता पुडी. मी उस्मानाबाद जिल्ह्यात ३१ वर्षं आरोग्यसेविका होते. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात एका वस्तीवर मी ओआरएसच्या पुड्या वाटल्या, "पाण्यात कालवून पाजा" म्हणून सांगितलं आणि पुढच्या गावाला गेले. दोन दिवसांनी परत आले तर एक बाई माझ्यावर धावून आली. "तुमचं औषध खारं जहर आहे, लेकरू ओकतंय." बघते तर तिने एका लिटरची अख्खी पुडी चहाच्या पेल्यात कालवली होती! चूक तिची नव्हती, "पाण्यात" म्हणजे किती पाण्यात, हे मी बोललेच नव्हते. तिच्या घरात लिटर नावाचं भांडंही नव्हतं. मग मी गवळ्याकडून दुधाचं लिटरचं माप मागून आणलं, तिच्याच तांब्यात ते ओतलं आणि पाणी जिथपर्यंत आलं तिथे खिळ्याने ओरखडा काढला. त्यानंतर ज्या घरी गेले तिथे आधी भांडं मागायचे, पुडी नंतर. माझ्या पिशवीत थर्मामीटर नसायचा कधी कधी, खिळा मात्र असायचा.

म्हणून तुम्हाला विचारते, तुम्ही पुडी कशात कालवली? मोठी पुडी असेल तर पूर्ण एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, छोटी असेल तर २०० मिली. अर्धी पुडी, पाव पुडी असला अंदाज करायचा नाही. चव अश्रूंइतपत खारट लागली पाहिजे, जास्त नाही. एवढ्या लेकराला प्रत्येक जुलाबामागे अर्धा कप, चमच्या-चमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत, आणखी सावकाश. उरलेलं २४ तासांनी फेकायचं. पुडी हाताशी नसेल तेव्हाच घरचं करायचं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, पण दूध तोडू नका. दात येतात त्या वयात लेकरू जमिनीवरचं दिसेल ते तोंडात घालतं, जुलाब त्याचे असतात, दाताचे नव्हे. अंगावरचं दूध चालू, वरणभात चालू, केळं चालू.

आणि "जुनं झालं का" म्हणता, तर ऐका. मी पुड्या वाटल्या पण त्यामागची गोष्ट मला नोकरीत कोणी सांगितली नाही, निवृत्त झाल्यावर वाचली. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. माणसं जमिनीवर पडलेली, सलाईन संपत आलेलं. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधून घेतल्या, पिंपांत पाणी कालवलं आणि नातेवाईकांच्या हातात पेले दिले की पाजत राहा. नर्स नाही, सुई नाही. जिथे शंभरातले २५-३० दगावायचे, तिथे त्यांच्याकडे चारही गेले नाहीत. मिठाला आतड्यातून आत शिरायला साखरेची सोबत लागते, आणि ती दोघं आत गेली की पाणी मागोमाग जातं. एवढंच त्यातलं इंगित. पटकीतसुद्धा हे दार बंद पडत नाही. महालनबीस २०२२ साली गेले, पद्मविभूषण २०२३ला जाहीर झालं. वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही, बसून राहिले नुसती.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायांनी १९८० ते ९० घरोघर फिरून एक कोटीहून जास्त घरांत हे शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. पगार कशावर ठरायचा माहीत आहे? नंतर दुसरं कोणी अचानक जाऊन त्या आईला विचारायचं, तिला किती आठवतंय ते बघायचं आणि त्यावर. माझं काम किती पुड्या वाटल्या यावर मोजलं जायचं. त्यांनाही सुरुवातीला लोक ऐकून घ्यायचे आणि करायचे नाहीत, मग त्यांनी बाजारात, मशिदीत जाऊन पुरुषांनाही सांगायला सुरुवात केली. माझ्या ३१ वर्षांत जुलाबाबद्दल मला आपणहून विचारणारे बाप बोटांवर मोजण्याइतके. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.

तालुक्याचा_डॉक्टर

इथे गप्प बसणं सोपं होतं, पण लिहितो. पंचवीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. तुम्ही गेलात तो दवाखाना माझा नाही, पण असू शकला असता.

आमच्या डोक्यात काय चालतं ते सांगतो. समोर घाबरलेला बाप, रिक्षाचं भाडं देऊन आलेला. त्याच्या हातात पुडी दिली की चेहरा पडतो, "हे तर घरीच केलं असतं." दुसऱ्या दिवशी तो समोरच्या दवाखान्यात दिसतो, लेकराच्या हाताला सलाईन. असं चार-पाच वेळा झालं की पेन आपोआप सिरपकडे वळतं. तुमच्या मुलीला अँटिबायोटिकची गरज नव्हती, असं तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून वाटतं. रक्त पडलं, पटकीचा संशय आला तर गोष्ट वेगळी. पण मी तिला तपासलेलं नाही, म्हणून सुरू केलेलं औषध माझ्या शब्दावर बंद करू नका, परत दाखवून विचारा.

आमचा समज मात्र खोटा निघाला. २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला, कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ मध्यम आकाराच्या शहरांतला. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब आहेत असं सांगणारे खोटे पालक दोन हजारांहून जास्त खाजगी डॉक्टर-वैदूंकडे पाठवले. काहींनी फक्त त्रास सांगितला, काहींनी मोबाइलवर ओआरएसच्या पुडीचा फोटो दाखवून "हे चालेल का" विचारलं. ज्यांनी दाखवला त्यांना ओआरएस मिळण्याचं प्रमाण २७ टक्के-अंकांनी वाढलं. पुडीत पैसा सुटत नाही किंवा दुकानात माल नसतो, ही कारणं त्यामानाने अगदी किरकोळ निघाली. मोठं कारण हेच की पेशंटला ओआरएस नको असतं असं डॉक्टर धरून चालतो. औषधवाले साहेब, निदान या बाबतीत तुम्ही स्वतःला जरा जास्तच दोष देताय.

वाचल्यावर मी टेबलावर एक लिटरची रिकामी बाटली आणि पुड्यांचा डबा ठेवला. त्याआधी डबा कपाटात असायचा. आता लोक आपणहून विचारतात, "हे पण द्याल ना?" तेव्हा "साहेब, ओआरएस राहिलं" हे वाक्य बिनधास्त म्हणा. फार तर डॉक्टर जरा घुश्शात लिहील. लिहील मात्र.

आणि झिंकच्या गोळीचं कोणी बोललं नाही अजून. सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब लवकर आवरतात, पुढचे काही महिने पुन्हा होण्याची शक्यताही कमी होते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं, झिंक जेमतेम ३० टक्क्यांना. आशाताईंकडे दोन्ही फुकट असतं.

चाकणकर_बाबा

सगळ्यांचे आभार. नर्सबाई, तुमचा पेल्याचा किस्सा वाचला आणि हातातला फोन ठेवून ओट्याकडे पळालो. मी तेच केलं होतं. मोठी पुडी, त्यातली अर्धी, स्टीलच्या ग्लासात. स्वतः चाखली तर समुद्राचं पाणी. दोन चमच्यांच्या वर मुलीने घेतलं नाही, म्हणून ती थुंकत होती! आणि आम्ही दोघं नाक दाबून पाजायच्या बेतात होतो.

सगळं ओतून दिलं. पाण्याची एक लिटरची बाटली धुऊन नवी पुडी पूर्ण कालवली. आईने स्वतः मांडीवर घेऊन औषधाच्या ड्रॉपरने पाजलं, तासभर. मग म्हणाली, "याला चव बरी आहे." आज सकाळपासून तीनच वेळा झालं, लघवी दोनदा झाली, मघाशी माझा चष्मा ओढला. डॉक्टरांकडे परत गेलो आणि म्हणालो, साहेब, ओआरएस राहिलं. ते म्हणाले, "मला वाटलं तुमच्या घरी असेलच." अँटिबायोटिकचं सिरपही त्यांनी बंद करायला सांगितलं.

झिंकच्या गोळ्या वाडीवरच्या आशाताईंनी आणून दिल्या. आई विचारतेय, गोळी अंगावरच्या दुधात विरघळवून दिली तर चालेल का?

निवृत्त_नर्सबाई

चालेल की. एका चमच्यात दूध काढून घ्या, गोळी टाका आणि जरा थांबा, आपोआप विरघळते. चुरायची नाही. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. पाकिटावर पेनाने तारखा लिहून ठेवा, सातव्या दिवशी सगळे विसरतात.