लिंडच्या प्रयोगाला यश आलं, मग उशीर का?

ब्रिटिश नौदलातला स्कॉटिश डॉक्टर जेम्स लिंडने १७४७ मध्ये ‘सॉल्सबरी’ जहाजावर स्कर्व्हीचा (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाचा) इलाज शोधला आणि नौदलाने तो जवळजवळ पन्नास वर्षं दाबून ठेवला, असं म्हटलं जातं. नौदलाची दिरंगाई मान्य, पण सगळा दोष तिकडे ढकलणं मला पटत नाही. प्रयोग सुंदरच होता. बारा आजारी खलाशी, दोघादोघांच्या सहा जोड्या, सगळ्यांचं जेवण सारखं, फक्त औषध वेगळं. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेल्या जोडीची फळं सहा दिवसांतच संपली, तरी त्यातला एक कामावर परतला आणि दुसरा बाकीच्यांची शुश्रूषा करू लागला!

पण पुढचं वाचून खरंच हळहळ वाटते. ताजी फळं समुद्रावर टिकत नाहीत, म्हणून लिंडने रस तासन्‌तास गरम पाण्यावर आटवून त्याचा पाक करायला सांगितलं. त्या उष्णतेत क जीवनसत्त्व बहुतांशी नष्ट व्हायचं. ते त्याला कळणार तरी कसं? जीवनसत्त्व ही कल्पनाच विसाव्या शतकातली. शिवाय १७५३ च्या त्याच्या जाडजूड ग्रंथात हा प्रयोग जेमतेम काही पानांत आहे आणि रोगाचं कारण म्हणून त्याचा भर दमट हवेवर, घाम कोंडण्यावर. १७९५ मध्ये नौदलाने लिंबाचा रस मंजूर केला तो गिल्बर्ट ब्लेनच्या पाठपुराव्यामुळे. तोही स्कॉटिश डॉक्टर, लिंडसारखाच एडिंबरोत शिकलेला. लिंड आदल्याच वर्षी वारला होता.