बिशपचं काम फायलींपुरतं नाही

बिशप, म्हणजे एका भागातल्या सगळ्या चर्चचा मुख्य धर्मगुरू, हा नागपुरात बसून चर्चच्या जमिनींच्या फायली पाहणारा साहेब, असं एका दादांनी लिहिलंय. फायली असतातच, नाही कशाला म्हणा. पण चंद्रपूरकडच्या खेड्यातली मंडळी त्याला ओळखते ती दृढीकरणामुळे, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनी पुढे आपली श्रद्धा स्वतः कबूल करायच्या विधीमुळे. बाप्तिस्मा गावचा धर्मगुरू, म्हणजे पाळक देतो, लग्नही तोच लावतो. दृढीकरण मात्र अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चकडून आलेल्या रिवाजात बिशपच्या हातून. पोरं रांगेत गुडघे टेकतात, तो एकेकाच्या डोक्यावर हात ठेवतो, आणि मागच्या बाकांवर कुजबूज चाललेली असते की साहेब जेवणार कोणाकडे! त्यावरून रुसवेफुगवे होतात ते वेगळेच.

आणखी एक. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात बॅप्टिस्टही आले, ज्यांच्याकडे बिशप हा प्रकारच नव्हता. अशांवर नुसता हुकूम चालत नाही, डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या भागाच्या, कौन्सिलमध्ये सगळ्यांना पटवावं लागतं. मला विचाराल तर बिशपची परीक्षा पाळकांच्या बदल्यांत. चार-पाच गावं सांभाळणारा माणूस मधेच हलवला, की तिथली रविवारची उपासना पार विस्कटते.