विजयनगरला (अरुणाचल) सहा दिवसांत जाऊन येता येईल का?

ओलेती_छत्री:
डिसेंबरात आम्ही चौघं अरुणाचलला निघालोय. नकाशा चाळताना चांगलांग जिल्ह्याच्या पार टोकाला, तीन बाजूंनी म्यानमारने वेढलेलं विजयनगर दिसलं आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना. दिब्रुगढला उतरायचं, मियाओ गाठायचं आणि तिथून नामदाफाच्या जंगलातून 157 किलोमीटर. म्हणजे एक दिवस धरला. तिथे होमस्टे आहेत का? मोबाइलला रेंज मिळते का? आमच्यातले दोघं सह्याद्रीत नेहमी फिरणारे आहेत. हाताशी एकूण सहा दिवस आहेत.

निवृत्त_तारायंत्री:
त्या 157 किलोमीटरला एक दिवस फक्त कागदावर लागतो. मियाओहून सरकारी हेलिकॉप्टर जातं, पण हवा साफ असेल तेव्हाच, आणि त्यात आजारी माणसं आणि गावकरी आधी. तुमच्यासाठी कुणाची तरी जागा जाणार, एवढं ध्यानात ठेवा.

झिजलेला_बूट:
त्या वाटेवर दोन हिवाळे काढलेत, म्हणून जरा लांबण लावतो. प्राण्यांच्या पाहणीसाठी कॅमेरे लावायचं काम होतं. डोक्याचं काम तिथली लिसू जमातीची मंडळी करायची. ओल्या पानावरचा अर्धा ठसा बघून जनावर कुठल्या उतराने गेलं ते सांगायची. मी वह्या भरायचो आणि बॅटऱ्या वाहायचो.

छत्रीताई, आधी किलोमीटर विसरा. तिथल्या मुक्कामांची नावंच ‘40 मैल’, ‘80 मैल’ अशी आहेत. रस्ता आहे, पण पावसाळ्यात दरडी येतात, नाले तो धुऊन नेतात आणि पुन्हा पहिल्यापासून काम सुरू. गाडी कुठवर जाते याचं उत्तर दर वर्षी वेगळं असतं. आदल्या आठवड्यात तिकडून परतलेला ड्रायव्हर मियाओच्या बाजारात गाठायचा आणि त्यालाच विचारायचं. मी गेलो तेव्हा बराचसा पायीच गेलो. सह्याद्रीचा सराव गुडघ्यांना कामी येतो, ओल्या मोज्यांना नाही.

आता जंगलाचं. नामदाफाचा सखल भाग हे खरं सदाहरित वर्षावन आहे, 27 अंश उत्तरेवर. जगात इतक्या उत्तरेला असं सखल वर्षावन दुसरीकडे नाही. हॉलोंगची झाडं सरळसोट वर जातात आणि पहिली फांदी बघायला मान मोडावी लागते. जनावर दिसेल या आशेवर जाऊ नका, तिथे सगळं कानांनी बघायचं असतं. सकाळी हुलॉक गिबनांची (बिनशेपटीच्या वानरांची) जोडी ओरडायला लागली की पलीकडच्या डोंगरावरून दुसरी जोडी उत्तर देते. धनेश डोक्यावरून गेला तर पंखांचा आवाज थेट वाफेच्या इंजिनासारखा. वर बघेपर्यंत तो गेलेला असतो. (इथल्या देबानजवळ 1981 मध्ये एक उडती खार मिळाली होती. शास्त्रज्ञांच्या हाती लागलेला तिचा नमुना तो एवढाच. मी दोन्ही वर्षं रात्री टॉर्च घेऊन माना वर करून फिरलो. मान धरली, बाकी काही नाही.)

विजयनगर मात्र याच्या पलीकडे, वरच्या अंगाला आहे. तिथे डिसेंबरात चांगलीच थंडी असते. 1961 मध्ये आसाम रायफल्सची तुकडी मेजर जनरल गुराया यांच्या हाताखाली तिथे पोचली आणि त्यांच्या मुलाच्या, विजयच्या, नावावरून हे नाव पडलं. पुढे सीमेवर आपली माणसं हवीत म्हणून रायफल्सच्या निवृत्त जवानांची सुमारे 200 कुटुंबं तिथे वसवली, त्यांतली बरीचशी गोरखा. लिसू, म्हणजे सरकारी कागदावरचे योबिन, आधीपासूनच त्या खोऱ्यात होते. नामदाफा राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं 1983 मध्ये, 1985 चौरस किलोमीटरचं, आणि ते नेमकं या गावांच्या आणि मियाओच्या मधोमध. माणसं आधीची, जंगलाचा कायदा नंतरचा. तिथल्या कुठल्याही भांडणाचं मूळ खणत गेलात तर बहुतेक वेळा इथेच पोचता.

होमस्टेचं विचारलंत. कुणीही घरात घेईल, पण तुम्ही खाल तो तांदूळ त्यांच्या शेतातला आणि मीठ, साखर, तेल कुणीतरी पाठीवरून आणलेलं. मिठाचा भाव दीडशे-दोनशे रुपये किलो, अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. गांधीग्राम या लिसू गावातून निघताना मी अर्धी पिशवी मीठ चुलीपाशी ठेवून दिलं. घरच्या वहिनींनी ती हातात तोलली, आत गेल्या आणि येताना सहा अंडी घेऊन आल्या. नको म्हटलं तर मीठही परत द्यायला निघाल्या. शेवटी घेतली. ती सहा अंडी दोन दिवस जंगलातून न फोडता नेणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड ओझं.

सहा दिवसांत विजयनगर नको. देबानला जा. मियाओपासून 26 किलोमीटर, नोआ-दिहिंग नदीच्या काठावर वनखात्याचं विश्रामगृह आहे. नावेने पलीकडे उतरून हल्दीबारी, हॉर्नबिल, बुलबुलिया या मुक्कामांची पायवाट धरा. ती विजयनगरच्या रस्त्यापेक्षा वेगळी आहे, दोन्हींची गल्लत करू नका. वाटाड्या लिसू घ्या आणि मजुरीत घासाघीस नको.

सातबारा:
बूटकाका, लेख छान, पण तो रस्ता पुन्हा पुन्हा करत राहणं खटकलं. पक्का रस्ता झाला की लाकूडवाले आणि शिकारी आधी पोचणार. शिवाय विजयनगरची धावपट्टी दुरुस्त करून सप्टेंबर 2019 मध्ये हवाई दलाने एएन-32 मालवाहू विमान उतरवलंच आहे. मग जंगल चिरून रस्ता कशाला?

झिजलेला_बूट:
सातबारा, शिकारीचं बरोबर आहे, आणि ती आजही होते, पक्का रस्ता नसतानाही होते. पण विजयनगर सर्कलमध्ये (म्हणजे तालुक्यासारख्या भागात) 16 गावं आहेत, चार-साडेचार हजार माणसं. विमानातून तांदूळ येईल. अडलेल्या बाईला कळा विमानाचं वेळापत्रक बघून येत नाहीत. तिकडच्या गोरखा घरांत डोको आणि नाम्लो दाराशीच टांगलेलं असतं. डोको म्हणजे पाठीवरची टोपली आणि नाम्लो म्हणजे कपाळावर घ्यायचा पट्टा, त्याच्या जोरावर ती तोलतात. मला वाटलं, सामानासाठीच. माझ्याबरोबरच्या पोराने सांगितलं, त्याच्या आजोबांना त्याच डोकोत बसवून मियाओकडे नेलं होतं. पोचले का, ते मी विचारलं नाही. रस्ता कसा असावा, रात्री बंद ठेवावा का, नाकी किती, यावर खुशाल भांडू. असावा की नसावा यावर मी नाही भांडणार. ती वाट मी बॅटऱ्या घेऊन चाललोय, माणूस घेऊन नाही.

सातबारा:
रात्री बंद, हे चालेल. बाकी विचार करतो.

ओलेती_छत्री:
सगळ्यांचे आभार. देबान नक्की केलं. परवान्यांचं काय? आणि डिसेंबरात जळवा असतात का?

झिजलेला_बूट:
इनर लाइन परमिट ऑनलाइन काढा. उद्यानात शिरायची परवानगी मियाओच्या वन कार्यालयात घ्या, आणि सुट्टीच्या दिवशी पोचू नका. जळवा कमी झालेल्या असतात, पण ओढ्याकाठी भेटतीलच. खरा त्रास डामडिम माशीचा. चावते तेव्हा कळत नाही, मग रक्ताचा बारीक ठिपका उरतो आणि आठवडाभर खाजतं. बाह्या पूर्ण हव्यात. आणि मिठाच्या दोन पिशव्या जास्तीच्या घ्या. जळवांसाठी नव्हे.