ताहलेक्वा: चेरोकी सरकारचं कार्यालय पाहता येतं का?

धंतोलीकर: लेक अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्साला असते. ऑक्टोबरात आम्ही दोघं चाललोय. माझी सगळी नोकरी देवरी-गडचिरोलीकडे, आदिवासी विकास विभागात. म्हणून नायगरापेक्षा चेरोकी या तिथल्या मूळनिवासी जमातीचा कारभार पाहायची हौस जास्त. जावई म्हणतात, नॉर्थ कॅरोलायनात चेरोकी नावाचं गावच आहे, तिकडं जाऊ. आत सोडतात का? परवानगी काढावी लागते का?

मानेवाड्याची सून: काका, ते गाव ईस्टर्न बँडचं, म्हणजे चेरोकींच्याच दुसऱ्या गटाचं. त्यांचं सरकार वेगळं, अन् टल्साहून हजार किलोमीटरच्या वर. तुम्हाला हवं ते ताहलेक्वा, चेरोकी नेशन नावाच्या सरकारची राजधानी, टल्साहून कारनं दीड तासाच्या आत. वेशीवर फाटक नाही, पास नाही. रस्त्यांच्या पाट्या इंग्रजीसोबत चेरोकी लिपीत दिसल्या की समजायचं, आलो.

गावाच्या दक्षिणेला कीलर कॉम्प्लेक्स, त्यांच्या सरकारचं मुख्यालय. कामाच्या दिवशीच जा, कारण ते चालतं ऑफिस आहे. आपल्या विधानभवनासारखा थाट मनात धरून जाल तर हिरमोड होईल. पण पार्किंगमध्ये जरा थांबा: कितीतरी गाड्यांना ओक्लाहोमाची नाही, चेरोकी नेशनची नंबर प्लेट! ती त्यांच्याच नागरिकांना मिळते. साडेचार लाखांच्या वर नागरिक, 17 जणांची कौन्सिल, स्वतःची कोर्टं, पोलिस, दवाखाने. तुम्ही विभागातले, तुम्हाला यातच गंमत वाटेल. काउंटरवरच्या लोकांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

महालचा गोट्या: म्हणजे पिसांचे मुकुटवाले कोणी दिसत नाही का बाप्पा?

मानेवाड्याची सून: काऊन दिसतील? त्यांची लिपी बनवणाऱ्या सेक्वोयाच्या जुन्या चित्रात तर डोक्याला चक्क फेटा आहे.

धंतोलीकर: मंडळींना ऑफिस दाखवलं तर वैतागतील. जवळ आणखी काही?

मानेवाड्याची सून: चौकातली जुनी कॅपिटॉल, म्हणजे त्यांच्या सरकारची आधीची इमारत. आता तिथं संग्रहालय आहे. 1838-39 मध्ये यांना जॉर्जियाकडून हाकलून इथवर आणलं, वाटेत हजारो मेले. अन् 1839 मध्येच इथं नवी राज्यघटना केली. बाजूला 1844 चं सुप्रीम कोर्ट, ओक्लाहोमातली सगळ्यात जुनी सरकारी इमारत. त्यांच्या वर्तमानपत्राचा छापखानाही तिथंच होता. काकूंना तिथं रमू द्या. 1875 चा तुरुंग वेळ उरला तर.

धंतोलीकर: झालं मग. जावयांना सोमवारची सुट्टी टाकायला सांगतो.

मानेवाड्याची सून: मंगळवारची टाका. संग्रहालयांचे वार आधी बघून घ्या, सोमवारी बंद असली तर काकू मलाच बोलतील.