नवा गेमिंग पीसी गेम लावला की बंद पडतो, विक्रेता दाद देत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. विक्रेत्याकडून असेंबल करून घेतलेला नवा कोरा पीसी जड गेम सुरू केला की थोड्याच वेळात एकदम बंद होऊन रीस्टार्ट होतो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. ब्राउझिंग आणि व्हिडिओ मात्र दिवसभर सुरळीत चालतात.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) दरवेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते. पण त्यावरून मशीन नीट शटडाउन झालं नाही एवढंच कळतं, कारण कळत नाही. रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून पाहिलं, मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर चालवली, काही सापडलं नाही. नुसत्या सीपीयूवर ताण दिला तर टिकतो. ग्राफिक्स कार्डची स्ट्रेस टेस्ट लावली की गेलाच. तापमान ठीक आहे. माझा संशय एसएमपीएसवर (पीसीच्या पॉवर सप्लायवर) आहे, कारण कार्ड क्षणभर नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं आणि कमकुवत सप्लाय तिथेच ट्रिप होतो. अर्थात कार्डही सदोष असू शकतं.

विक्रेत्याने मशीन ठेवून घेतलं, नुसतं डेस्कटॉपवर चालू ठेवलं आणि 'ओके आहे, विंडोज फॉरमॅट करा' म्हणून परत दिलं. फॉरमॅट करूनही तेच. आता म्हणतात, पार्टची वॉरंटी त्या त्या कंपनीकडून तुम्हीच घ्या. पूर्ण मशीन त्यांनी जोडून विकलंय, मग दोष शोधायची जबाबदारी त्यांची नाही का? मला हे अजिबात पटत नाही.

दुसरा एसएमपीएस लावून पाहिला तर वॉरंटीवर बोट ठेवतील का? समोर बसून स्ट्रेस टेस्ट करायला लावावी, की आधी ईमेलवर लेखी तक्रार द्यावी? परत करायची मुदत संपत आलीय, कृपया लवकर सांगा.